हेरोदाच्या मांडीवर

पोकिनो चर्चमध्ये शिरला की पुढच्या बाकापासून मागच्या बाकापर्यंतची तान्ही पोरं एका सुरात रडायला लागायची, आणि त्यांच्या आया त्याच्याकडे अशा बघायच्या की जणू यानेच चिमटा काढला. म्हणून गेली कितीतरी वर्षं तो दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायचा. यात पोरांचा दोष नव्हता, आयांचाही नव्हता. दोष असलाच तर नुकूचा होता.

दक्षिण समुद्रातल्या आमच्या बेटावर पहिल्यांदा शुभवर्तमान, म्हणजे येशूची शिकवण, आलं तो दिवस जुलैत येतो. त्या दिवशी पाचही गावं चर्चपुढच्या मैदानावर जमतात आणि एकेक गाव बायबलातली एकेक गोष्ट करून दाखवतं. तीच नुकू. दोन महिने आधीपासून घराघरात केवड्याच्या पातीचे मुकुट विणले जातात, चादरींचे झगे होतात, कुणाचा तरी घोडा पळवून आणला जातो. कुठल्या गावाची नुकू सरस झाली यावरून सख्खे भाऊ आठवडाभर बोलत नाहीत. आणि हेच लोक रविवारी उपासनेत गंभीर तोंड करून सांगतात, ही काही स्पर्धा नव्हे.

पोकिनो एकोणीस वर्षांचा असताना त्याला गल्याथ केलं, दावीदाच्या गोफणीने पडणारा तो राक्षस. दुसरं कोण करणार? दारातून वाकून यावं लागेल अशी उंची, पिंपासारखी छाती, आणि आवाज असा की खाली तारोच्या, म्हणजे अळूच्या कंदांच्या, खाचरात उभं राहून त्याने हाक मारली तर वर टेकडीवरच्या बायका चुलीवरचं भांडं उतरवून बाहेर येत. त्या वर्षीच्या दावीदाने गोफणीतून दगडाऐवजी हिरवं संत्रं मारलं. ते गल्याथाच्या डोक्यावरून मागे बसलेल्या चर्चच्या वडीलमंडळातल्या एकाच्या पोटावर बसलं. गल्याथ पडेना. तो दावीदाची वाट बघत तसाच उभा राहिला आणि शेवटी सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पुन्हा मार. घाई नाही." लोक अजून हसतात.

पण त्या दिवसापासून त्याच्यावर शिक्का बसला तो बसलाच. बायबलातले सगळे दुष्ट त्याच्याच वाट्याला: फारो, अहाब, हामान आणि सगळ्यांत जास्त वेळा हेरोद, येशूबाळाला मारायला निघालेला राजा. बावन्न वर्षं. प्रत्यक्षात या माणसाला स्वतःचं डुक्कर मारवत नव्हतं. शेजाऱ्याला बोलवायचा आणि आपण दगडधोंड्यांत काहीतरी शोधत लांब निघून जायचा. पण लाल झगा अंगावर चढला, "बेथलेहेमातलं एकही पोर जिवंत ठेवू नका" ही गर्जना झाली, की मैदानावरची पोरं आयांच्या झग्यांत तोंडं लपवायची. पुढचं वर्षभर आयांचं काम सोपं व्हायचं. झोपतोस का बोलावू पोकिनोला?

मंडळीचे जुने वडील म्हणायचे, देवाने कुणाला गळा दिला, कुणाला हातात कला दिली, आमच्या पोकिनोला दुष्टपणा दिला. त्याचं देणं तो मंडळीसाठी वापरतो, सोडत नाही. पोकिनो मान हलवून हसायचा. घरी आल्यावर हसायचा नाही.

घरी तेपाएरु असायची. त्याची बायको. ती नुकूत नेहमी भल्या बायका करायची: रूथ, विधवा, मार्था, आणि केस पिकल्यावर बारा वर्षं म्हातारी हन्ना, जी मंदिरात राहून येशूबाळाची वाट बघते. चर्चमध्ये आमच्याकडे वाजंत्री नाही. पुरुष खालून जमिनीतून यावा तसा हुंकार धरतात आणि त्याच्यावर बायका आपला सूर चढवतात. सगळ्यांत वरचा सूर तेपाएरुचा. ती थोडी उशिरा यायची, पोकिनोचा हुंकार पक्का बसला की मगच, पायरी तपासून पाय टाकावा तशी.

"चाळीस वर्षं एका घरात जेवतोय," ती म्हणायची, "पण नुकूत एकदासुद्धा आपण एका बाजूला उभे नाही राहिलो. तू आपला पलीकडे, तलवार घेऊन."

"मग काय करू? वडील सोडतात का?"

"हन्नाबरोबरचा म्हातारा शिमोन हो ना एकदा. मंदिरात माझ्या शेजारी उभा राहा. बाळ हातात घे. मला तुझ्या हातात बाळ बघायचंय."

पोकिनो यावर उठून बाहेर जायचा, कारण त्या वाक्याच्या तळाशी काय आहे हे दोघांनाही माहीत होतं. त्यांना मूल झालं नाही. ज्यांना होत नाही त्यांना नात्यातलं कुणीतरी आपलं एक मूल वाढवायला देतं, ही बेटाची जुनी रीत. तेपाएरुच्या धाकट्या बहिणीने आपली नऊ महिन्यांची मुलगी दिली. तेपाएरुने तिच्यासाठी आधीच गोधडी शिवून ठेवली होती, पांढऱ्यावर लाल जास्वंदीची. मुलगी आली, तिने पोकिनोला पाहिलं आणि रडायला लागली. दूध घेईना, झोपेना. नुकू नुकतीच झालेली. पोकिनो दोन रात्री शेजारच्या घरी झोपला, तरी त्याचा आवाज कुठून तरी आला की पोर पुन्हा रडून रडून निळी पडायची. तीन दिवसांनी बहीण आली आणि मुलीला घेऊन गेली. कुणी कुणाला दोष दिला नाही. तेपाएरुने गोधडी पेटीत तळाशी ठेवली आणि पुन्हा कुणाकडे मूल मागितलं नाही.

चार वर्षांपूर्वी तेपाएरु गेली. बेटाच्या रीतीप्रमाणे घराच्या अंगणातच तिला पुरलं. संध्याकाळी तिच्याजवळ बसून पोकिनो दिवसभराचं सांगायचा. शिमोनाचं मात्र काढायचा नाही. ती होती तेव्हा त्याने नुसतं पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी केलं होतं, आणि आता कुठल्या तोंडाने काढणार?

या वर्षी रारोटोंगाच्या मोठ्या बेटावरून नवा पाळक आला. तरुण, चष्मा, शब्द मोजून बोलणारा. मे महिन्यातल्या एका रविवारी त्याने देणग्यांवर प्रवचन केलं: देवाने ज्याला जे दिलं ते मंडळीच्या सेवेला लावा, झाकून ठेवू नका. बोलता बोलता त्याने सहज विचारलं, "आणि आपल्यापैकी कुणी असंही असेल का, ज्याचं दुसरं एखादं देणं आपण कधी मागितलंच नाही?" शेवटच्या बाकावर पोकिनोने मान वर केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गावाच्या सभाघरात नुकूची बैठक बसली. विषय ठरला, येशूचा जन्म आणि बालपण. यादी वाचायला अकाइती उभी राहिली. अकाइती ही तेपाएरुची बालमैत्रीण, गावाची नुकू वीस वर्षं तिच्याच हातात, आणि जीभ अशी की डास बसला तर तोच कापला जाईल.

"मरिया, मोएरोआ. बाळ, मोएरोआचंच, चार महिन्यांचं आहे, आयतं. हन्ना, मीच. हेरोद, पोकिनो. शिमोन..."

"शिमोन मला करायचाय," पोकिनो म्हणाला.

तो हळू बोलला होता. तरी बाहेर झाडाखालच्या कोंबड्या उडाल्या.

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. अकाइती हसली नाही. "आणि हेरोद कोण करणार? माझा बोकड?"

"करा कुणीतरी."

"कुणीतरी! अरे, चार गावं तुझा हेरोद बघायला येतात. बाकीचं सगळं आम्ही केळीच्या पानासारखं खाली घालतो, वर वाढायचं जेवण तूच असतोस."

"बावन्न वर्षं मी पोरं मारतोय, अकाइती. एकदा एक हातात घेऊ दे."

मोएरोआ खाली बघत होती. तीन दिवस रडलेली ती मुलगी हीच, आता अठ्ठावीस वर्षांची.

पाळकाने चष्मा पुसला. "शिमोन आधी येतो, हेरोद नंतर," तो म्हणाला. "पापा दोन्ही करू शकतात." बेटावर म्हाताऱ्या माणसाला सगळे पापाच म्हणतात.

"बाळ रडलं तर?" अकाइतीने विचारलं.

"सहा आठवडे आहेत. ओळख होईल."

दुसऱ्या दिवसापासून पोकिनो रोज दुपारी मोएरोआच्या ओसरीवर जायला लागला. कधी तारो, कधी पिकलेली पपई, रिकाम्या हाताने नाही. पहिल्या दिवशी पायरीखाली बसला. बाळाने बघितलं आणि भोकाड पसरलं. दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी त्याने ती गोधडी आणली.

"हे तुझं होतं," तो मोएरोआला म्हणाला.

मोएरोआने लाल जास्वंदींवरून हात फिरवला. "एवढी बारीक शिवण," एवढंच म्हणाली, आणि गोधडी अंथरून बाळाला तिच्यावर ठेवलं.

रोज वीतभर तो पुढे सरकायचा. तोंड मिटून असेपर्यंत ठीक चालायचं, पण शिमोनाला बोलावं लागतं. खाचरात गुडघाभर चिखलात उभा राहून तो हळू बोलायचा सराव करायचा. "प्रभू, आता तुझ्या दासाला शांतीने जाऊ दे." पलीकडच्या खाचरातला माणूस मान वर करून ओरडायचा, "कुठे जातोयस?" त्याच्या गळ्यात कुजबुज ही गोष्टच देवाने घातली नव्हती. तरी पाचव्या आठवड्यात बाळाने त्याचं बोट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. त्या संध्याकाळी तेपाएरुपाशी बसल्यावर त्याने पहिल्यांदा शिमोनाचं काढलं. बोटाचं तर दोनदा सांगितलं.

नुकूच्या दिवशी ऊन लख्ख होतं. मैदानाच्या चारी बाजूंनी पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका, गळ्यात फुलांच्या माळा, मागे जमिनीतल्या भट्ट्यांतून धूर. आधीच्या दोन गावांचं झालं. यांची पाळी आली.

फणसाच्या झाडामागे अकाइतीने पोकिनोला पांढरा झगा घातला, हातात काठी दिली, आणि नारळाच्या काथ्याची छातीपर्यंत येणारी दाढी कानांमागे बांधली. काथ्या तिने आठवडाभर धुऊन मऊ केला होता. दाढी फार सुंदर होती. सगळ्यांनी वाहवा केली. पाळकाने केली, मोएरोआने केली, खुद्द पोकिनोने केली. सहा आठवडे ज्या तोंडाची ओळख करून दिली ते तोंड आपण झाकतोय हे एवढ्या शहाण्या माणसांत एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मरिया आली, योसेफ आला. शिमोन मंदिराच्या पायरीवर उभा. त्याच्या शेजारी हन्ना, काठी टेकत. प्रेक्षकांत आधीच खुसखुस सुरू झाली होती. "अरे, पोकिनो पांढऱ्यात!" "झगा बदलला म्हणून काय झालं!" पोकिनोला ते ऐकू आलं नाही. त्याने दोन्ही हात पुढे केले आणि मोएरोआने बाळ त्यांच्यावर ठेवलं.

किती हलकं, आणि किती जड. बाळाने वर बघितलं. वर काथ्याचं जंगल, त्यातून डोकावणारे दोन डोळे. बाळाचा ओठ थरथरला, आणि मग ते असं किंचाळलं की घोडा दोरी तोडून पळाला.

पाच गावं हसली. पोट धरधरून हसली. "हेरोदाला घाई झाली रे!" कुणीतरी ओरडलं. "मंदिरातच उरकतोय!" पोकिनोचं तोंड उघडलं, पण सहा आठवडे पाठ केलेलं वाक्य कुठे गेलं ते सापडेना. प्रभू, आता... प्रभू... बाळ हातापायांनी त्याला ढकलत होतं. शेवटी अकाइतीने पुढे होऊन ते काढून घेतलं, शिमोनाची ओळ आपणच म्हटली, आपलीही म्हटली, आणि मंदिर आटोपलं.

झाडामागे येऊन पोकिनोने दाढी ओढली तसा कानामागचा दोरा तुटला. तो मुळावर बसला. मैदानावर मागी लोक, ताऱ्यामागून बाळाला शोधत आलेले पूर्वेचे पंडित, उंच मुकुट घालून चालले होते.

अकाइती लाल झगा घेऊन आली. तिच्या तोंडात टोमणा तयार होता, तो तिने गिळला. "दाढीचं माझं चुकलं," ती म्हणाली. आयुष्यात ती असं किती वेळा म्हणाली होती कुणास ठाऊक. "ऊठ. हेरोद कर. तो तर तुझा आहे ना?"

"माझाच आहे," पोकिनो म्हणाला. "दुसरं माझं काहीच नाही."

तो मैदानावर गेला. आता मात्र लोक सरसावून बसले. पोरांनी आधीच आयांचे झगे धरले, भीती आणि मजा दोन्ही डोळ्यांत. तो सिंहासनावर बसला. शिपाई गुडघे टेकून म्हणाले, "महाराज, मागी लोक बाळाचा पत्ता न सांगताच दुसऱ्या वाटेने निघून गेले. आज्ञा?"

इथे गर्जना यायची. बावन्न वर्षांत ती कधी चुकली नव्हती. पोकिनोने छाती भरून घेतली. समोर बायकांच्या रांगेत मोएरोआ बसली होती, बाळ तिच्या खांद्यावर अजून हुंदके देत होतं. पोकिनोला आपल्या हातांवर ते वजन अजून जाणवत होतं. त्याने हातांकडे बघितलं. एवढ्या वर्षांत त्याने शेकडो पोरं मारायला लावली, आणि एकाचं वजन किती असतं हे त्याला माहीत नव्हतं. आज माहीत होतं.

"सगळी," तो म्हणाला. "दोन वर्षांच्या आतली. सगळी मारा."

तो ओरडला नाही. पण त्याचा आवाज, देवाने दिला तसाच, मैदानाच्या पार टोकापर्यंत गेला. पोरं रडली नाहीत. आयांनी मात्र नकळत आपापली पोरं जवळ ओढली. पलीकडच्या गावाच्या एका म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. शिपाई जागचे हलेनात. त्यांना वाटलं, राजा आज्ञा परत घेईल. हेरोद मान खाली घालून बसला होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"जा ना," तो म्हणाला. मग ते गेले.

नुकूनंतर जेवणं. मोठ्या मांडवात केळीची पानं मांडली, भट्ट्या उघडल्या, डुक्कर, तारो, नारळाच्या दुधात शिजवलेली पानं, केळ्याचा गोड लगदा. पोकिनो मांडवाच्या कडेला चटईवर जाऊन बसला. लाल झगा काढायचं त्याला सुचलं नव्हतं. पाळक त्याच्याजवळ आला, काहीतरी बोलायला म्हणून त्याने चष्मा काढला, पुन्हा घातला, त्याचा खांदा दाबला आणि गेला. चांगला माणूस. शब्द मोजताना कमी पडले एवढंच.

मोएरोआ आली. कमरेला ओचा खोचलेला, एका हातात बाळ, दुसऱ्या हातात ती गोधडी.

"पापा, याला धरा जरा. मला वाढायचंय."

"रडेल."

"रडू दे."

"पोरी, तू बघितलंस ना मघाशी."

मोएरोआ त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "आई सांगायची, मी तीन दिवस रडले होते म्हणून," ती म्हणाली. "मी तिला विचारायची, मग चौथ्या दिवशी गं? ती म्हणायची, चौथा दिवस आलाच नाही. मी थांबलेच नाही, तुला घेऊन आले." तिने गोधडी त्याच्या मांडीवर पसरली. "तिने थांबायला हवं होतं, पापा. पोरं काय, रडून रडून गप्प होतातच."

तिने बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं आणि मागे न बघता वाढायला निघून गेली.

बाळाने वर बघितलं. तोंड ओळखीचं होतं. तरी नियमाप्रमाणे त्याने ओठ काढला, थोडं रडलं. पोकिनो हलला नाही. त्याने कुणाला हाक मारली नाही, मूल परत दिलं नाही. बाळाने लाल झग्याची दोरी मुठीत घेतली, ती तोंडात घातली आणि तिच्याशी भांडता भांडता त्याचे डोळे मिटायला लागले.

पानं वाढली गेली, लोक जेवले. अकाइतीने लांबूनच विचारलं, "हेरोदा, जेवतोस की नाही?" पोकिनोने डोक्यानेच नाही म्हटलं. दोनचार पोरं हळूहळू जवळ आली आणि हातभर अंतर ठेवून उभी राहिली. त्यातलं एक धीट होतं. "झोपला?" त्याने विचारलं. पोकिनोने मान हलवली.

तेपाएरुने हे बघायला हवं होतं. दुसरं काहीही नको होतं त्याला, फक्त तिने एकदा बघायला हवं होतं. इतकी वर्षं तिने एकच गोष्ट मागितली, आणि ती मिळाली तेव्हा शेजारची जागा रिकामी.

त्याने छातीतच हुंकार धरला, चर्चमध्ये धरायचा तोच, अगदी खालचा. बाळाचं डोकं त्याच्या छातीला टेकलं होतं. तो हुंकार त्याच्या अंगात उतरला असावा, कारण त्याची मूठ सैल झाली आणि दोरी सुटली. पहिली ओळ संपली. सवयीप्रमाणे पोकिनो थांबला, वरच्या सुराला यायला जागा ठेवून. ती नेहमी थोडी उशिरा यायची. त्याने आणखी थोडी वाट बघितली, मग दुसरी ओळ एकट्यानेच धरली.